मुक्त सॉफ्टवेअरच्या रिलीजसाठी स्वयंसेवकांमध्ये कामाची वाटणी कशी करावी?

घोडबंदरकर (प्रश्न)

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईतील काही मंडळी मिळून आम्ही सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चालवतो. सभासदांची देखभाल-बिले काढणे, थकबाकीवर व्याज आकारणे, सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीचा) हिशेब ठेवणे आणि आय व जे नमुन्यातील (सभासदांची नोंदवही आणि सभासदांची यादी) नोंदी छापून देणे, एवढाच त्याचा पसारा आहे. कोड लिहिणारे बहुतेक जण ऐरोली, महापे आणि घणसोली येथील कंपन्यांत नोकरी करतात. चाचणी घेणारे मुख्यतः ठाण्यातील निवृत्त बँक कर्मचारी आणि संस्थांचे मानद खजिनदार आहेत. मराठी मजकूर वाशीच्या दोन शिक्षिका पाहतात. पगार कोणालाच नाही आणि कोणी तो मागितलेलाही नाही.

कोड लिहायला माणसे मिळतात, पण रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढण्याची, वेळ आली की सगळेच विस्कटते. वर्षभर बदल साचत राहतात आणि मार्च उजाडला की एप्रिलच्या बिलांआधी नवी आवृत्ती हवी म्हणून धावपळ सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत खजिनदार वर्षअखेरीच्या हिशेबात मान वर काढू शकत नाहीत, नोकरदारांच्या कंपन्यांत वार्षिक मूल्यमापन चालू असते आणि शिक्षिकांच्या डोक्यावर परीक्षा असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणीतरी जुन्या विंडोजवर एकदा चालवून पाहा' असा संदेश पडतो, त्यावर आठ-दहा अंगठे उमटतात, आणि प्रत्यक्षात कोणीच चालवून पाहिलेले नसते. गेल्या खेपेला आवृत्ती बाहेर पडल्यानंतर कळले की बिलाच्या पीडीएफमध्ये 'कऱ्हाडकर', 'कुऱ्हाडे' अशी आडनावे तुटून छापली जात आहेत. एका संस्थेने तर ती बिले वाटूनही टाकली होती.

तारीख आधी जाहीर करावी की काम पुरे झाल्यावर? सगळ्यांची मोट एकाच माणसाने बांधावी की कामे वाटून द्यावीत? आणि जो माणूस स्वतःचा रविवार खर्चून फुकट काम करतो, त्याला 'तुम्ही शब्द दिला होता' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? ज्यांनी असे प्रकल्प सांभाळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ऐरोलीकर

तारीख आधी ठरवा, आणि ती ठरवताना कोडकडे न पाहता स्वयंसेवकांच्या कॅलेंडरकडे पाहा.

या बाबतीत दोन्ही टोकांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. डेबियन ही लिनक्सवर आधारित संगणकप्रणाली बनवणारा स्वयंसेवकांचा प्रकल्प 'तयार होईल तेव्हा' या तत्त्वावर चालत आला आहे, त्याची 3.0 आवृत्ती जुलै 2002 मध्ये आली आणि पुढची 3.1 यायला जून 2005 उजाडला. त्यानंतर त्यांनीही साधारण दोन वर्षांची लय धरली. नेमका दिवस ते आजही आधीपासून बांधून घेत नाहीत, परंतु फ्रीझ कधी सुरू होणार हे आधी जाहीर करतात, म्हणजे त्या तारखेनंतर नवे काम आत घ्यायचे नाही आणि फक्त दोष काढायचे. उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने याच्या उलट सुरुवातीपासून एप्रिल आणि ऑक्टोबर हे महिने धरून ठेवले आणि आवृत्तीचा क्रमांकच वर्ष व महिना यांवरून बांधला. त्यामुळे 2006 मध्ये एप्रिलची आवृत्ती सहा आठवडे पुढे ढकलावी लागली, तेव्हा 6.04 ची 6.06 झाली आणि उशीर नावातच कोरला गेला. मला ही पद्धत आवडते, कारण तीत लपवाछपवीला जागा उरत नाही.

तारीख पक्की आणि मजकूर सैल, एवढे एकदा मान्य झाले की निम्मे भांडण संपते. ज्याचे काम वेळेत झाले नाही त्याला पुढची गाडी आहेच. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या प्रणालींच्या गाभ्यात, नवे बदल घेण्याची खिडकी दोन आठवडेच उघडी असते. ती बंद झाली की दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट (चाचणीसाठीची संभाव्य अंतिम आवृत्ती) येतो आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांत आवृत्ती बाहेर पडते. ज्याचा बदल राहिला तो रागावत नाही, कारण पुढची खिडकी दोन-अडीच महिन्यांवर असते. तुमच्याकडे मात्र वर्षातून एकदाच रिलीज होतो, त्यामुळे प्रत्येकाला आपले काम त्यातच कोंबावेसे वाटणारच. मार्चच्या गर्दीचे खरे कारण हे आहे, लोकांचा आळस नव्हे.

तुमच्या प्रकल्पासाठी मी वर्षातून दोन रिलीज सुचवेन: एक फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आणि दुसरा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी. जानेवारीच्या तिमाहीची बिले तोवर वाटून झालेली असतात, एप्रिलच्या बिलांना सहा-सात आठवडे उरलेले असतात, आणि एखादा दोष सुटलाच तर दुरुस्तीची छोटी आवृत्ती काढायला वेळ मिळतो. ऑगस्टचा दुसरा रविवार गणपतीच्या आधी पडतो. त्यानंतर दिवाळी उलटेपर्यंत आपल्याकडे कोणाकडूनही काही मागू नये हे वेगळे सांगायला नको. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या मुख्य आवृत्त्याही फेब्रुवारी आणि ऑगस्ट याच महिन्यांत येतात, पण तो निव्वळ योगायोग समजा.

आता माणसांविषयी. एकाच माणसाने मोट बांधायची म्हटले की तो माणूस दोन वर्षांत थकतो आणि तो गेला की प्रकल्प बसतो. यासाठी तुम्ही कोहाची पद्धत अवश्य पाहावी, कारण तुमचे ग्राहक जसे संस्थांचे खजिनदार आहेत तसे त्यांचे ग्राहक ग्रंथपाल आहेत. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी बनलेले आणि 2000 च्या आरंभी वापरात आलेले हे ग्रंथालय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आज आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांतही वापरले जाते. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये त्याची आवृत्ती निघते आणि प्रत्येक सहामाहीसाठी जबाबदारीची पदे नव्याने निवडली जातात. रिलीज मॅनेजर नव्या आवृत्तीचा कोड आत घेतो. गुणवत्ता तपासणीची टीम त्याच्या आधी प्रत्येक बदल पाहते. बाहेर पडलेल्या जुन्या आवृत्त्यांची देखभाल करणारे वेगळे असतात. दस्तऐवज आणि भाषांतर यांनाही स्वतंत्र माणूस असतो. शिवाय कोणाचाही बदल थेट आत जात नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी तो आपल्या यंत्रावर चालवून त्यावर आपली सही करावी लागते, मग गुणवत्ता तपासणी होते, आणि त्यानंतर रिलीज मॅनेजर तो घेतो. ही पहिली सही करायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. चाचणीची पद्धत पायरीपायरीने लिहिलेली असली की ग्रंथपालही ती करू शकतो.

सहामाहीची मुदत ही यातली कळीची गोष्ट आहे. 'हे काम सांभाळाल का' असे विचारले तर समंजस माणूस मागे सरतो, कारण त्यातून सुटका कधी हे त्याला दिसत नाही. 'ऑगस्टपर्यंत सांभाळाल का' असे विचारले तर तोच माणूस हो म्हणतो. त्यामुळे पद सोडणे म्हणजे पळ काढणे ठरत नाही. मुदत संपली, एवढेच.

अंगठ्यांचा प्रश्नही यातूनच सुटावा. कामाची यादी सर्वांना दिसेल अशी रिपॉझिटरीतच (कोडच्या सामाईक साठ्यातच) ठेवा आणि प्रत्येक कामासमोर एक नाव व एक तारीख लिहा. दोन नावे लिहिली की दोघेही एकमेकांकडे पाहतात. ज्या कामासमोर फ्रीझच्या दिवसापर्यंत नाव नाही, ते काम त्या रिलीजमध्ये नाही. जुन्या विंडोजवर चाचणी करायला कोणीही पुढे आले नाही, तर रिलीजच्या टिपणात 'या आवृत्तीची जुन्या विंडोजवर चाचणी झालेली नाही' असे सरळ लिहून टाका. ते वाक्य वाचून एखादा खजिनदार स्वतःच पुढे येईल.

नौपाडेकर

वरील उत्तर विचारपूर्वक लिहिलेले आहे, तरीही चाचणी घेणाऱ्यांच्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते. मी बँकेतून निवृत्त झालो असून दोन संस्थांचे हिशेब पाहतो आणि अशाच एका मुक्त प्रकल्पासाठी चाचणीचे काम करतो.

रिपॉझिटरीत जाऊन आपल्या नावासमोर खूण करा, असे माझ्या वयाच्या माणसाला सांगितले तर तो होकार देतो आणि विसरून जातो. त्याला फोन करावा. फोनवरही 'काका, जरा नवीन व्हर्जन बघून घ्या' असे न म्हणता नेमके काय पाहायचे ते सांगावे, कारण 'बघून घ्या' म्हटल्यावर आम्ही प्रोग्राम उघडतो, चार पडदे फिरवतो, रंग बदललेला आहे एवढे टिपतो आणि 'सगळे ठीक आहे' असे कळवतो. त्याऐवजी असे विचारा: एका सभासदाची दोन तिमाह्यांची थकबाकी आहे, त्याने अर्धीच रक्कम भरली, आता पुढच्या बिलात उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागते की आधीच्या व्याजावरही लागते? आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवरचे व्याज सरळ असते आणि त्याला दरसाल 21 टक्क्यांची मर्यादा आहे, हे आम्हाला तोंडपाठ असते, पण कोड लिहिणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. सदनिका भाड्याने दिली असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नये, हेही तसेच. असा प्रश्न समोर आला की आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसतो आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.

यासाठी एक काल्पनिक संस्था कायमची तयार करून ठेवावी. तीत वीस-पंचवीस सभासद असावेत, पण प्रत्येक जण काही ना काही कटकटीचा असावा: एक आगाऊ पैसे भरणारा, एकाचा धनादेश परत गेलेला, एकाची सदनिका भाड्याने दिलेली, एकाचा क्रमांक 'बी/302-ए' असा, दोन भाऊ संयुक्त सभासद, आणि अर्थातच एक कऱ्हाडकर. या संस्थेची एका तिमाहीची बिले हाताने काढून त्यांचा कागद फाईलला लावून ठेवावा. दर रिलीजपूर्वी नव्या आवृत्तीतून तीच बिले काढायची आणि कागदाशी ताडून पाहायची. एक रुपयाचाही फरक आला तर रिलीज थांबला पाहिजे.

'थांबला पाहिजे' हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरत आहे. चाचणी घेणाऱ्याच्या नकाराला किंमत नसेल, म्हणजे त्याने 'व्याज चुकते आहे' असे कळवूनही तारीख गाठायची म्हणून आवृत्ती बाहेर पडणार असेल, तर पुढच्या वेळी त्याला फोन करू नये. ऐरोलीकर तारीख पक्की ठेवा म्हणतात. बिलाच्या रकमेत चूक असेल तर तारीख मोडलीच पाहिजे, आणि ती मोडण्याचा अधिकार कोणाचा हे जानेवारीतच लेखी ठरले पाहिजे.

वाशीकर

भाषांतराच्या बाजूने फक्त एक मागणी. गनोमसारख्या (लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या) प्रकल्पांत रिलीजच्या काही आठवडे आधी पडद्यावरचा मजकूर गोठवतात. त्यानंतर बटणावरचा एखादा शब्द बदलायचा असला तरी परवानगी मागावी लागते. तुम्हीही हे करा. शेवटच्या शनिवारी रात्री कोणीतरी इंग्रजी वाक्य 'थोडे सुधारतो', आमचे मराठी वाक्य त्याच्यापासून सुटते आणि खजिनदाराला अर्धा पडदा मराठीत आणि अर्धा इंग्रजीत दिसतो. मजकूर गोठल्यानंतर आम्हाला निदान दोन पूर्ण रविवार मिळावेत. मधल्या वारी आमच्याकडून काम होत नाही, उत्तरपत्रिका असतात.

तुटणाऱ्या आडनावांबद्दल: पडद्यावर 'ऱ्ह' नीट दिसले म्हणून पीडीएफमध्ये नीट येईल असे नसते. पडद्यावर जोडाक्षरे घडवण्याचे काम एक यंत्रणा करते आणि पीडीएफ बनवणारी लायब्ररी ते काम करतेच असे नाही. ती अक्षरे एकापुढे एक मांडून मोकळी होऊ शकते. म्हणून तपासणी छापील कागदावरच व्हावी आणि ती मराठी वाचणाऱ्या माणसाने करावी.

घोडबंदरकर

आपणा सर्वांचे आभार. फेब्रुवारी आणि ऑगस्टचा प्रस्ताव ग्रुपवर मांडला आहे आणि आश्चर्य म्हणजे विरोध झाला नाही. काल्पनिक संस्थेचे काम एका खजिनदारांनी लगेच अंगावर घेतले.

एक गोष्ट अजून सुटत नाही. पदे सहामाहीला फिरवायची म्हटले तर अंतिम फाईल तयार करणे, तिच्यावर डिजिटल सही करणे आणि ती संकेतस्थळावर चढवणे हे अधिकारही फिरवावे लागतील. सध्या त्या चाव्या माझ्या एकट्याकडे आहेत. गेल्या महिन्यात एका अनोळखी गृहस्थांनी फार चांगले बदल पाठवले आणि 'रिलीजचे ओझे मी उचलतो' असे स्वतःहून कळवले. हो म्हणावे का?

कोपरखैरणेकर

बदल आनंदाने घ्या; चाव्या इतक्यात देऊ नका. त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात शंका नाही, पण 2024 मध्ये एक्सझेडच्या बाबतीत जे झाले ते तुमच्या प्रश्नाच्या इतके जवळचे आहे की ते नीट समजून घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

एक्सझेड ही फाईल आकुंचित करणारी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणारी लायब्ररी. ती प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता, आणि तो थकलेला होता. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे नेमाने उपयुक्त बदल पाठवले. दुसरीकडे काही अनोळखी खाती त्या मूळ सांभाळणाऱ्याला 'काम फार हळू चालले आहे, दुसऱ्याला अधिकार द्या' असे टोचत राहिली. अखेर रिलीज काढण्याचा अधिकार त्या मदतनिसाकडे गेला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत परक्याला संगणकात शिरू देणारे छुपे दार बसवले गेले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या सुरक्षित पद्धतीने) लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय उशीर जाणवला, त्याने त्याचा माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी हे उघड केले. तोवर या आवृत्त्या डेबियनसारख्या बहुतेक लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या.

तुमच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा तपशील असा की छुपे दार चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून फाईल बांधणाऱ्या सूचना) सर्वांना दिसणाऱ्या गिट रिपॉझिटरीत नव्हती. ती फक्त रिलीजसाठी बनवलेल्या टारबॉलमध्ये (कोडच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. म्हणजे सर्वांनी कोड डोळ्यांत तेल घालून तपासला असता तरी, एका माणसाने आपल्या यंत्रावर बांधलेली फाईल कोणीच ताडून पाहत नव्हते.

म्हणून चाव्या कोणाकडे असाव्यात यापेक्षा, फाईल बांधताना दुसरा कोणी पाहतो का, हा प्रश्न आधी सोडवा. सार्वजनिक टॅगवरून (रिपॉझिटरीत त्या आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून) दोन जणांनी आपापल्या घरी तीच आवृत्ती बांधावी आणि दोघांचे चेकसम (फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळले तरच ती चढवावी. सुरुवातीला ते जुळणार नाहीत. फाईलमध्ये बांधणीची तारीख-वेळ घुसलेली असते, फाईलींचा क्रम यंत्रागणिक बदलतो. हे दोष एकेक करून काढावे लागतात, आणि डेबियनसारख्या प्रकल्पांनी यावर बरेच काम करून ठेवले आहे. तोवर निदान बांधणी तुमच्या लॅपटॉपवर न होता सर्वांना नोंदी दिसतील अशा स्वयंचलित सर्व्हरवर व्हावी.

दुसरे म्हणजे, रिलीजची संपूर्ण कृती लिहून काढा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या रिलीज मॅनेजरसाठी 'पेप 101' नावाचा दस्तऐवज आहे. त्यात कोणती कमांड कधी द्यायची, कोणाला कळवायचे, कोणते पान बदलायचे हे क्रमाने लिहिलेले आहे. तुमचा दस्तऐवज दोन पानांचा असेल, पण तो तुमच्या डोक्याबाहेर असला पाहिजे. फेब्रुवारीचा रिलीज त्या नव्या गृहस्थांना शेजारी बसवून काढा. चाव्या तुमच्या, कृती मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्यांचे. जिथे दस्तऐवजात पायरी राहिली असेल तिथे ते अडतील आणि ती लगेच लिहिली जाईल. ऑगस्टमध्ये भूमिका उलट करा. त्यांना खरोखर मदत करायची असेल तर एवढी वाट पाहायला त्यांची हरकत नसावी. घाई करू लागले तर मात्र सावध व्हा.

नकाराच्या अधिकाराबद्दल नौपाडेकरांशी मी सहमत आहे, फक्त त्याला एक कुंपण हवे. अपाची या मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानच्या प्रकल्पांत रिलीजसाठी किमान तीन अधिकृत होकार लागतात, विरोधापेक्षा होकार अधिक असावे लागतात आणि मतदान साधारणपणे किमान 72 तास खुले ठेवतात, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही संधी मिळते. पण तिथे एका माणसाच्या विरोधाने रिलीज अडत नाही. तुम्ही दोन्हींचा मेळ घाला: रक्कम, व्याज आणि नोंदवही यांत चूक दिसली तर चाचणी प्रमुखाचा एकट्याचा नकार पुरेसा मानावा, बाकी कशासाठीही, अगदी कोणाला रंग आवडला नाही तरी, मत नोंदवून पुढे जावे.

ऐरोलीकर

कोपरखैरणेकरांची मर्यादा मला मान्य आहे. रकमेत चूक असेल तर तारीख मोडावी, पण ती मोडताना नवी तारीख त्याच संदेशात द्यावी आणि ती दोन आठवड्यांपेक्षा लांब नसावी, नाहीतर पुन्हा मार्च गाठला जाईल.

मूळ प्रश्नातील 'कोणत्या तोंडाने म्हणायचे' हा भाग राहून गेला होता. ते म्हणण्याची वेळच येऊ नये म्हणून तारखेच्या दहा दिवस आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: 'हे तुमच्याकडून होणार आहे ना, की दुसऱ्याला देऊ?' नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. कारण सांगावे लागणार हे कळले की लोक नाही म्हणण्याऐवजी फोन उचलणेच बंद करतात.

नौपाडेकर

घोडबंदरकर, आपल्या चाचणी प्रमुखाचे पद अजून रिकामे असेल तर फेब्रुवारीच्या रिलीजपुरते मी ते घेण्यास तयार आहे. अट एकच: तयार इन्स्टॉलर 20 जानेवारीपर्यंत माझ्याकडे यावा. त्यानंतर आलेला कोणताही बदल, तो कितीही किरकोळ असो, मी तपासलेल्या आवृत्तीत धरला जाणार नाही, आणि तसे मी रिलीजच्या टिपणात लिहीन. काल्पनिक संस्थेच्या सभासदांची यादी ज्यांनी करायला घेतली आहे त्यांना माझा निरोप द्यावा की त्यात एक मयत सभासद आणि त्याचा नामनिर्देशित वारस अवश्य घालावा. जे नमुन्यात सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो.